फक्त उजवीकडे

खोक्यात पुस्तिका नसायची. असलीच, तर चिनी किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीत. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे मारिओ महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचला तो असाच, ‘समुराई’ किंवा ‘मीडिया’ असे काही नाव लिहिलेल्या टीव्ही गेमच्या खोक्यातून. दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक, एक पिवळी कॅसेट आणि तिच्यावर छापलेले ‘9999 इन 1’. खेळ निघायचे मोजकेच, तेच ते फिरून फिरून येणारे. त्यांत मारिओ मात्र हमखास असायचा.

अशा गावांतलेच एक सोयगाव, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याचे तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण घाटापलीकडे, पाचोरा-जळगावची बाजारपेठ जवळची. अशा कापूसपट्ट्यातल्या गावात ज्या पोरांनी हा खेळ खेळला, त्यांना नियम समजावून सांगणारे कुणी नव्हते. तरी पंधरा मिनिटांत प्रत्येकाला कळायचे की गुंबा नावाच्या शत्रूच्या डोक्यावर उडी मारायची, मशरूम घ्यायचे आणि खड्डा चुकवायचा. या खेळाच्या दीर्घायुष्याचे कारण मला तिथेच दिसते. जे सांगायचे ते सगळे त्याने चित्रातच सांगून टाकले आहे.

निंटेंडो कंपनीने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानमध्ये 13 सप्टेंबर 1985 रोजी बाजारात आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे रचनाकार, तर संगीत कोजी कोंदो यांचे. मियामोतो यांचा 1981चा ‘डाँकी काँग’ एकाच स्थिर पडद्यावर चालायचा. त्यातला पिंपांवरून उड्या मारणारा मिशीवाला सुतार म्हणजेच पुढचा मारिओ. मिशी आणि टोपीही गरजेपोटी आली. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड आणि केस काढणे अवघड होते. 1985च्या खेळात हा गडी एका पडद्यातून बाहेर पडला आणि सरकत्या मुलखात धावू लागला. क्योतोजवळच्या सोनोबे गावी वाढलेले मियामोतो लहानपणी रानात भटकत आणि कंदील घेऊन गुहेत शिरत. खेळातले पाइप आणि त्यांच्या तळाची भुयारे त्या भटकंतीशी नाते सांगतात.

पहिली पातळी, म्हणजे 1-1, नीट पाहण्यासारखी आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे तोंड करून. समोर मोकळी जमीन, म्हणजे जायचे कुठे हा प्रश्नच उरत नाही. थोडे पुढे गेले की प्रश्नचिन्हाचा चमकणारा ठोकळा दिसतो आणि समोरून गुंबा चालत येतो. नवखा खेळाडू पहिल्यांदा त्याला धडकून मरतो. दुसऱ्यांदा उडी मारतो. उडी कधी गुंबावर पडते, तर कधी डोके ठोकळ्याला लागून नाणे निघते. पुढच्या ठोकळ्यातून मशरूम निघते, उजवीकडे घरंगळते, पाइपला आपटते आणि उलटे आपल्याच अंगावर येते. वर विटांची रांग असल्याने उडी मारून ते चुकवणेही सोपे नाही. खेळाडू घाबरतो, मशरूम अंगाला लागते आणि मारिओ एकदम मोठा होतो. गुंबा वाईट, मशरूम चांगले, हा धडा एका शब्दाशिवाय पूर्ण झाला.

शेवटाकडे पायऱ्यांचे दोन मनोरे समोरासमोर येतात. पहिल्या जोडीच्या मधे जमीन असते. पाय घसरला तरी जीव जात नाही. तशीच दुसरी जोडी लगेच येते, पण तिच्या मधे खड्डा असतो. आधी सराव, मग परीक्षा. मियामोतो यांच्या सांगण्यानुसार, ही पहिली पातळी त्यांनी बाकीच्या तयार होत आल्यावर, उशिरा रचली. शिकवायचे काय हे कळल्याशिवाय पहिला धडा लिहिता येत नाही, हे कोणत्याही चांगल्या शिक्षकाला पटेल.

दुसरी करामत उडीची. बटण हलके दाबले तर उडी लहान, दाबून धरले तर उंच. धावत सुटून मारली तर आणखी लांब. हवेत असतानाही मारिओला थोडे मागेपुढे वळवता येते, जे खऱ्या माणसाला कधीच जमणार नाही. पण थांबताना तो थोडा घसरतो, वजन असल्यासारखा. या खऱ्याखोट्याच्या मापात हात असा बसतो की काही दिवसांनी अंगठा आपोआप चालू लागतो. शिवाय गुंबा, कासवे आणि खड्डे दर वेळी त्याच जागी असतात. लाईफ गेली तर बोट नशिबाकडे दाखवता येत नाही. हरलेला पोरगा ‘अजून एकदाच’ म्हणतो, कारण चूक कुठे झाली ते त्याला नेमके ठाऊक असते.

हे सगळे बसवले होते 40 किलोबाइटमध्ये. आज व्हॉट्सअॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठा असतो. जागा वाचवायची म्हणून ढग आणि झुडूप एकच चित्र ठेवले, फक्त रंग बदलला. वर पांढरा, खाली हिरवा. आठ जगे आणि प्रत्येकात चार पातळ्या, अशा एकूण 32. आखणी आलेखाच्या कागदावर झाली. यंत्राच्या मोजक्या ध्वनिवाहिन्यांत कोंदो यांनी बसवलेली धून तर आजही लोक गुणगुणतात. घड्याळात 100पेक्षा कमी वेळ उरला की तीच धून घाईघाईने वाजू लागते. ही सूचना कळायलाही भाषा लागत नाही.

जगभरात या खेळाच्या 4 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आपल्याकडच्या पिवळ्या कॅसेटी त्या हिशेबात नाहीत. निंटेंडोच्या यंत्राच्या नकला तैवान-चीनमधून निघाल्या, पुढे सगळे यंत्रच एका चिपमध्ये मावू लागले आणि किंमत उतरत गेली. कॅसेट चालली नाही की पोरे तिच्यात फुंकर मारत. खरा उपयोग व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा घट्ट बसवण्याचा. तोंडातल्या ओलाव्याने धातूचे दात उलट गंजत.

आपल्या गावांनी या खेळाची आणखी एक परीक्षा घेतली, लोडशेडिंगची. मारिओत खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. सहाव्या जगात पोहोचलेल्याची वीज गेली की पुन्हा 1-1. दुसरा खेळ असता तर पोरांनी नाद सोडला असता. पण मियामोतोंनी चोरवाटा ठेवल्या होत्या. 1-2च्या भुयारात विटांच्या छतावर चढून पुढे चालत गेले की तीन पाइप लागतात. त्यांतून थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जगात जाता येते. 4-2मधली वाट आठव्या जगापर्यंत पोहोचवते. ही माहिती छापील कुठे मिळत नसे, ती तोंडी चालायची. ज्याला ती ठाऊक, त्याचा गल्लीत भाव वेगळा.

चित्रातून गोष्ट सांगण्याची रीत इथे जुनीच; अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्याच्याच हद्दीत आहेत. तिथल्या सतराव्या लेण्यातली विश्वंतर जातकाची कथा पाहताना तोच राजपुत्र भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटतो. चित्रकारांनी प्रसंग अनेकदा काळाच्या ओळीत न मांडता स्थळांप्रमाणे मांडले. राजवाड्यातले एकीकडे, अरण्यातले दुसरीकडे. पाहणारा हवे तितके मागे-पुढे फिरू शकतो. मारिओची सपाट भिंत याच्या अगदी उलट आहे. तिथे स्थळ आणि काळ एकच. उजवीकडे जाणे म्हणजे पुढे जाणे आणि पडदा एकदा सरकला की डावीकडे परतता येत नाही. सुटलेले नाणे सुटलेच. कथा म्हणाल तर राजकन्येला सोडवण्यापुरती, पण या एका नियमाने कथेला निकड दिली.

खोक्यातली बंदूक केव्हाच मुकी झाली. ती जुन्या टीव्हीच्या काचेवर उमटणाऱ्या प्रकाशाची नेमकी वेळ पाहून नेम ओळखायची. एलईडी पडद्यावर तो हिशेब जुळत नाही. मारिओचे असे काही अडले नाही. तो टीव्हीवरून संगणकावर आणि तिथून मोबाइलवर आला. 2015मध्ये ‘सुपर मारिओ मेकर’ आला आणि खेळाडू स्वतःच पातळ्या रचू लागले. मूळ खेळ सर्वांत कमी वेळात संपवणाऱ्यांची स्पर्धा तर अजून थांबलेली नाही. 4 मिनिटे 55 सेकंदांची भिंत 2021मध्ये फुटली आणि आता झुंज सेकंदाच्या अंशांसाठी चालते.

पुढे ग्राफिक्स सुधारले, खेळ त्रिमितीय झाले, मोबाइलवरचे खेळ पैसे मागू लागले, जाहिराती दाखवू लागले, नशिबावर बक्षिसे वाटू लागले. मारिओ खेळाडूकडून फक्त लक्ष मागतो आणि त्याच्या बदल्यात नियम कधी बदलत नाही. कुणीच काही समजावून न सांगता शिकलेल्या पोरांनी तो विसरलेला नाही, कारण जे काही जिंकले ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि अंगठ्यांनी जिंकले होते.