यश कशाने मोजायचे?

पदरमोड करून वर्षानुवर्षे लिहिणाऱ्याचे यश कशाने मोजायचे? खप आणि मिळकत हेच माप धरले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पत्रे अयशस्वी ठरतील. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेले 'मूकनायक' काही वर्षांतच थांबले. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये बंद पडले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी मोबदल्याविना एकट्याने लिहिले होते. परंतु महाडच्या लढ्याची आपली बाजू आपल्याच शब्दांत समाजापुढे आली, ती या पत्रामुळे. पुढे १९३० मध्ये 'जनता' निघाले. १९५६ मध्ये त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. अंक थांबले, वाचक थांबला नाही. तो बोलू लागला, लिहू लागला. आपल्या नियतकालिकांनी हेच माप लावावे: किती वाचक लिहिते झाले?