पहिली निवड आपली असेल तर कोणाला घ्यायचं?

उन्हाळा आला की साताऱ्यात आणि सांगलीत गावोगावी क्रिकेटच्या 'प्रीमियर लीग' भरतात. आधी संघ ठरतात. कुठे पॉइंट्सवर लिलाव होतो, कुठे कप्तान आळीपाळीने गडी वाटून घेतात. या दुसऱ्या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. अमेरिकेतली फँटसी फुटबॉलची लीगही बहुतेक अशीच चालते: एकदा एखाद्याने खेळाडू उचलला की तो बाकीच्यांना मिळत नाही. आपल्याकडच्या ड्रीम इलेव्हनसारख्या खेळात तसं नसतं, तिथे एकच खेळाडू हजारो लोकांच्या संघात असू शकतो.

आजचा प्रश्न असा आहे: पहिली निवड तुमची असेल तर कोणाला घ्याल? 'सगळ्यात भारी असेल त्याला' हे उत्तर लगेच सुचतं. पण ते बऱ्याचदा चुकतं. का, ते बघू.

नागमोडी क्रम

पहिल्याला फार फायदा होऊ नये म्हणून क्रम नागमोडी ठेवतात. पाच संघ असतील तर पहिल्या फेरीत १ ते ५ आणि दुसऱ्या फेरीत उलट, ५ ते १. म्हणजे पहिल्या संघाला १ली, १०वी, ११वी, २०वी आणि २१वी निवड मिळते. पहिल्या निवडीनंतर इतर चार संघ मिळून आठ खेळाडू उचलतात आणि मगच तुमची पाळी येते. लवकर निवडणाऱ्याची खरी अडचण म्हणजे ही मोठी वाट बघणं.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तुम्हाला एक फलंदाज आणि एक अष्टपैलू हवा आहे. सगळ्यात चांगल्या फलंदाजाची किंमत ९५ गुण, तर सगळ्यात चांगल्या अष्टपैलूची ९०. चांगले फलंदाज भरपूर आहेत, त्यामुळे दहाव्या निवडीपर्यंत ८५ गुणांचा कोणीतरी उरेलच. अष्टपैलू मात्र थोडेच आहेत, तोवर ५५ गुणांचाच उरेल.

- आधी फलंदाज घेतला: ९५ + ५५ = १५०
- आधी अष्टपैलू घेतला: ९० + ८५ = १७५

यादीत खाली असलेला खेळाडू आधी घेऊन २५ गुणांचा फायदा झाला. कारण फलंदाजीतली घसरण १० गुणांची आहे आणि अष्टपैलूंमधली ३५ गुणांची. नियम साधा आहे: खेळाडू किती चांगला आहे एवढंच बघू नका, थांबलो तर काय गमावू ते बघा.

इथे एक गृहीतक लपलेलं आहे. दहाव्या निवडीला कोण उरेल, हा आपला अंदाज आहे. समजा अष्टपैलूही ८५ गुणांचा उरणार असेल, तर आधी फलंदाज घेतल्यावर १८० होतात, आधी अष्टपैलू घेतल्यावर १७५. उत्तर पालटलं! म्हणून कुठलंही मॉडेल मांडलं की एक-एक आकडा हलवून बघायचा आणि निष्कर्ष कुठे तुटतो ते नोंदवायचं. प्रबंधात हेच काम 'सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस' या नावाने येतं.

सांगलीचं पहिलं नाव

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. सगळ्यात आधी पुकारलं गेलेलं नाव सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचं होतं. बंगळूरच्या संघाने तिला ३.४० कोटींना घेतलं. प्रत्येक संघाकडे एकूण १२ कोटी होते, म्हणजे २८ टक्क्यांहून जास्त रक्कम एकाच नावावर गेली. लिलावात पाळी नसते, पैसे असतात. पण पेच तोच आहे: सुरुवातीला एवढं दिलं तर पुढे काय उरेल?

पहिल्या हंगामात स्मृतीच्या ८ सामन्यांत १४९ धावा झाल्या आणि संघाने दोनच सामने जिंकले. दुसऱ्या वर्षी, १७ मार्च २०२४ रोजी, तिच्याच नेतृत्वाखाली संघ विजेता ठरला. अंतिम सामन्यात दिल्लीचा संघ ११३ धावांत आटोपला. श्रेयांका पाटीलने ४, सोफी मोलिनोने ३ आणि आशा शोभनाने २ बळी घेतले. या तिघींची लिलावातली किंमत अनुक्रमे १०, ३० आणि १० लाख होती. ५० लाखांत नऊ बळी!

मग मोठी बोली वाया गेली का? असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. हा एकच सामना आहे, आणि निकाल लागल्यावर निवडलेला. स्वस्तात घेतलेल्या किती खेळाडू चमकल्या नाहीत, तेही मोजावं लागेल.

त्यासाठी जास्त नमुने लागतात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी अमेरिकी फुटबॉलच्या ड्राफ्टवर तसा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स'मध्ये छापून आला. त्यांना असं दिसलं की अगदी वरच्या निवडींना संघ गरजेपेक्षा जास्त किंमत देतात. वर निवडलेले खेळाडू सरासरीने चांगले निघतात, पण पगार वजा केल्यावर उरणारा फायदा थोड्या नंतरच्या निवडींत जास्त होता. आणि एकाच जागेवरच्या लागोपाठ निवडलेल्या दोघांत आधीचा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त होती. आपल्याला आपल्या अंदाजाची खात्री जरा जास्तच असते.

संशोधनाचं वेळापत्रकही असंच

पहिल्या वर्षी सगळंच महत्त्वाचं वाटतं: वाचन, कोर्सवर्क, नमुने गोळा करणं. पण कास पठारावरच्या फुलांवर काम करायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरचा बहर हुकला की वर्ष गेलं. पेपर डिसेंबरातही वाचता येतात. म्हणजे इथेही प्रश्न 'जास्त महत्त्वाचं काय?' एवढाच नाही, तर 'नंतर मिळणार नाही असं काय?' हा आहे.

सरावासाठी गावच्या पुढच्या लीगची खेळाडूंची यादी घ्या. दहाव्या निवडीला कोण उरेल याचा अंदाज *आधी* कागदावर लिहा, तारीख टाका, मग प्रत्यक्ष वाटप बघा. अंदाज कुठे चुकला हे शोधताना हातात येईल तो तुमचा पहिला डेटा.