आपल्याच देशाचा अभ्यास

दक्षिण आशियाच्या भाषा, इतिहास व धर्म ह्या विषयांत एम.ए. करावयाचे, असे मुलाने अथवा मुलीने म्हटले की, "ह्याचा उपयोग काय?" असा प्रश्न आईबापांच्या मुखी येतो. तो रास्तच आहे. एका गोमंतकीय विद्यार्थ्याच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडते.

साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या अभ्यासाकरिता १८९९ साली घराबाहेर पडले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे पाठ घेतले. १९०२ साली सिंहलद्वीपास जाऊन ते पाली शिकले. पदवी त्यांच्यापाशी नव्हती; तरी १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संशोधनासाठी त्यांना पाचारण झाले. तत्पूर्वी कलकत्त्याची दरमहा २५० रुपयांची नोकरी सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे ५० रुपये पत्करले होते. कारण आपली विद्या त्यांना महाराष्ट्रास द्यावयाची होती.

परंतु ह्या विद्येचे मोल घरानेही मोजले. पत्नी बाळाबाई व लहानगी मुलगी मागे राहिल्या. कित्येक वर्षे भेट नव्हती.

म्हणून आईबापांनी दोन गोष्टी अवश्य विचाराव्या: कोणती भाषा मुळापासून शिकणार, आणि घराशी संबंध कसा राखणार? रामनगरच्या मुलांपाशी कोंकणी, मराठी व कानडी हे भांडवल आहेच. सुपे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसेही त्यांना जवळच भेटतील. त्यांचे बोलणे नीट ऐकून लिहून ठेवणे, हाच ह्या अभ्यासाचा पहिला धडा होय.