गुण वाढले, मुले वाढली का?

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी सन २०३० पर्यंत गाठावयाची १७ शाश्वत विकास ध्येये स्वीकारली. दारिद्र्य, भूक, आरोग्य, शिक्षण, पाणी असे हे विषय होत. ध्येय ठरविणे एक वेळ सोपे. आपण त्यापासून किती दूर आहोत, हे सांगणे कठीण. यास्तव निती आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये राज्यांचा पहिला निर्देशांक प्रसिद्ध केला.

त्याची रीत शाळेतील गुणपत्रिकेसारखीच आहे. गाठावयाच्या आकड्यास १०० गुण, पायाभूत वर्षी सर्वांत मागे असलेल्या राज्याच्या आकड्यास शून्य, आणि मधल्यांना अंतराप्रमाणे गुण. त्यांच्या सरासरीतून ध्येयाचे व पुढे राज्याचे गुण निघतात. या हिशेबाने २०१८ ते २०२३-२४ या काळात भारताचे गुण ५७ वरून ७१ वर, महाराष्ट्राचे ६४ वरून ७३ वर व मध्य प्रदेशाचे ५२ वरून ६७ वर गेले. मात्र पहिल्या वर्षी ६२ बाबी मोजल्या होत्या, २०२३-२४ मध्ये ११३. पट्टीच बदलली असल्याने ही वाढ जशीच्या तशी प्रगती मानता येत नाही.

सरासरीत आणखी एक गोष्ट झाकली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसाठी घरे नमुना पद्धतीने निवडली जातात. शिंदेशाहीपासून मराठी कुटुंबे जेथे नांदत आली त्या ग्वाल्हेरातील दर्पण कॉलनीचे घर असो वा सातपुड्यातील एखादा पाडा, निवड कोणाच्या मर्जीवर नसते. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबे होती. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण मध्य प्रदेशात २०१५-१६ मधील ४२ टक्क्यांवरून ३५.७ टक्क्यांवर उतरले. महाराष्ट्रात ते ३४.४ टक्के होते, ते ३५.२ टक्के झाले. गुणपत्रिकेत पुढे असलेले आपले राज्य या एका विषयात जागचे हलले नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शिवाय अशी पाहणी काही वर्षांनीच होते. २०२३-२४ च्या निर्देशांकातही उंचीचा आकडा २०१९-२१ चाच आहे.

गावपातळीवरील मोजणी आता सुरू झाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये पंचायतींचा २०२२-२३ या वर्षाचा पहिला निर्देशांक निघाला. त्यातील २ लाख १६ हजार २८५ ग्रामपंचायतींपैकी अव्वल वर्गात एकही नाही व त्याखालच्या वर्गात अवघ्या ६९९ आहेत. येथे आकडे ग्रामपंचायतीच्या व खात्यांच्या नोंदींतून येतात. म्हणजे ग्रामसेवक, शिक्षक व अंगणवाडी सेविका जे लिहितील तेच वर जाते.

अंगणवाडीत दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे निजवून व त्यावरील मुलाची उंची उभे करून मोजावयाची असते. वय अंदाजाने न लिहिता जन्मनोंदीवरून घ्यावे. ते दोन-तीन महिने कमी लिहिले गेले, तर खुजे राहिलेले मूलही वहीत सामान्य ठरू शकते, आणि ज्या घरी सेविकेने पुन्हा जावयाचे ते घर यादीत येतच नाही.