मिस्टर न्यूमोनिया आणि मी

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं. मराठी शाळांत ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली, तोवर माझी बँकेतली निम्मी नोकरी होऊन गेली होती. हेड ऑफिसची सर्क्युलरं वाचायचो, त्यांना उत्तरंही लिहायचो. पण इंग्रजी गोष्ट म्हणाल, तर उभ्या आयुष्यात एक पुरी केली नव्हती. ओळीओळीला वीरकरांचा शब्दकोश उघडायचा आणि दुसऱ्या पानावर पुस्तक मिटायचं.

निवृत्तीनंतर नातीनं मोबाइलवर एआय सुरू करून दिलं. मी ओ. हेन्रीची 'द लास्ट लीफ' काढली. लेखक १९१० साली वारला. त्याच्या कथा प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात, प्रिंटचा काय तो खर्च. सुरुवातीलाच अडलो. न्यूयॉर्कचं ग्रीनिच व्हिलेज, चित्रकारांची वस्ती, नोव्हेंबरचे दिवस आणि तिथे कुणी मिस्टर न्यूमोनिया हिंडतोय. भाडं वसूल करणारा असावा, असं धरून चाललो. त्यानं एका मुलीला अंथरुणाला खिळवलं तेव्हा मात्र चक्रावलो! शब्दकोशात न्यूमोनिया सापडतो, त्याला 'मिस्टर' का म्हटलंय ते सापडत नाही. परिच्छेद एआयला दिला. ते म्हणालं, लेखकानं रोगालाच माणूस केलंय आणि वर त्याला सभ्य गृहस्थाचा मान देऊन टोमणा मारलाय. आपल्याकडे पटकीची मरीआई झाली, तसंच की. फक्त तिथे भीती होती, इथे टवाळी आहे.

मग मला चटक लागली. सबंध पान द्यायचं, मराठी घ्यायचं. गोष्ट भराभर कळायची, इंग्रजी होतं तिथंच. नात म्हणाली, "आबा, मग मराठी पुस्तकच वाचा ना."

बोललेलं झोंबलं. आता आधी अख्खं पान कुणाला न विचारता वाचतो, अडेल तिथे समासात पेन्सिलीनं फुली. मग फुलीपुरतंच विचारतो, आणि ताकीद देतो: भाषांतर करू नको, या वाक्याचा कर्ता कोण आणि क्रियापद कुठलं तेवढं दाखव. आपलं क्रियापद शेवटाला येतं, म्हणून आपण शेवटाकडे डोळे लावून बसतो. इंग्रजीत ते केव्हाच होऊन गेलेलं असतं. 'पुट अप विथ'सारख्या ठिकाणीही एआयचा खरा उपयोग. तिन्ही शब्द पाचवीपासूनचे ओळखीचे, एकत्र आले की अर्थ 'सहन करणं'!

हू आणि पॉल नेशन यांचा २००० सालचा एक अभ्यास आहे. गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर फुल्या सहा. माझ्या पंचवीस व्हायच्या. माझ्यातल्या कॅशियरला हा हिशेब पटला. अशा पानाला मी एआयकडून तेच सोप्या इंग्रजीत लिहून घेतो, ते वाचतो आणि मग मूळ पानावर परत येतो.

एकदा मात्र फसलो. उतारा न देता, नुसतं कथेचं नाव सांगून शेवट विचारला. त्यानं कथेत नसलेला एक भाऊ आणून बसवला, तोही अगदी ठामपणे. हे यंत्र पुढचा शब्द कुठला शोभेल त्या अंदाजानं लिहितं. समोर मजकूर नसला तरी त्याचा हात थांबत नाही. तेव्हापासून मजकूर दिल्याशिवाय प्रश्न नाही.

काल 'आफ्टर ट्वेंटी इयर्स' काढली. पहिल्याच ओळीत पोलीस आणि 'बीट'. बीट म्हणजे मारणं, तर मग मारलं कुणाला? फुली केली. पण पुढे तो पोलीस रात्रीचा रस्त्यानं दुकानांची दारं ओढून पाहत चाललेला. अरे, आपल्या पोलीस ठाण्यात बीट अंमलदार असतो की! मोबाइल चार्जिंगला होता. फुली मीच खोडली.