एका अव्ययाची किंमत

बँकांनी अमुक लाख कोटी रुपयांची कर्जे ‘राइट ऑफ’ केली अशी बातमी आली, की तिच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : बड्या उद्योगपतींना कर्जमाफी आणि शेतकऱ्याच्या दारात मात्र जप्ती, हा कुठला न्याय? या प्रश्नामागचा संताप समजण्याजोगा आहे. परंतु त्यात एक गफलत आहे आणि ती आकड्यांची नसून भाषेची आहे. ‘राइट’ म्हणजे लिहिणे, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच्या मागून येणारे ‘ऑफ’ हे इवलेसे अव्यय मात्र पदवीधरालाही चकवते.

बँकेच्या व्यवहारात कर्ज ‘राइट ऑफ’ करणे म्हणजे ते ताळेबंदातून वगळणे. कर्ज दीर्घकाळ थकले आणि त्यापोटी नफ्यातून पुरेशी तरतूद करून झाली, की ती रक्कम येणे म्हणून दाखवीत राहण्यात अर्थ नसतो. म्हणून ती हिशेबातून काढली जाते. कर्जदाराची देणेदारी त्यामुळे संपत नाही. तारण, जामीन, न्यायालयातील दावा हे सारे कायम राहते. माफीत देणेच संपते. शाळेच्या जडवस्तू नोंदवहीतून मोडक्या बाकाचे ‘निर्लेखन’ करणाऱ्या शिक्षकाला व लिपिकाला हा शब्द परिचयाचा आहे. मात्र तेथे बाक खरोखरच मोडीत जातो. बँकेत कर्ज मोडीत जात नाही, केवळ वही बदलते.

आता आकडे पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत अनुसूचित वाणिज्य बँकांनी सुमारे साडेचौदा लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली आणि निर्लेखित कर्जांपैकी सुमारे दोन लाख कोटी रुपये वसूल झाले. म्हणजे ढोबळमानाने सात रुपयांत एक रुपया. तेव्हा ‘माफी का दिली’ असे विचारणाऱ्यास ‘माफी दिलेलीच नाही’ असे उत्तर मिळते, ते खरेही असते आणि चर्चा तेथेच संपते. विचारायला हवे ते राहूनच जाते : माफी दिली नाही, तर मग उरलेले सहा रुपये कोठे अडकले? नागरिकाने चुकीचा प्रश्न विचारला, की अधिकाऱ्याला अचूक उत्तर देऊन मोकळे होता येते. एका अव्ययाची ही किंमत आहे.

गोंधळ येथेच थांबत नाही. इंग्रजीत माफीसाठी ‘वेव्ह’ हे क्रियापद एकटेच पुरते. त्याला ‘ऑफ’ची गरज नाही. आपल्याकडे मात्र ‘लोन वेव्ह ऑफ’ असे सर्रास म्हटले व लिहिले जाते. हे ‘ऑफ’ बहुधा ‘राइट ऑफ’मधूनच येऊन चिकटले असावे. ज्या दोन कल्पना अर्थशास्त्राने काळजीपूर्वक वेगळ्या ठेवल्या, त्या लोकांच्या बोलीत अशा एकमेकींत मिसळून गेल्या.

इंग्रजीची ही खोड जुनीच आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा क्रियापदामागे असे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते, हे त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले होते. अप, डाउन, इन, आउट, ऑफ हे मूळचे दिशा दाखविणारे शब्द. परंतु ‘गिव्ह अप’मध्ये कोणी काही वर देत नाही आणि ‘पुट ऑफ’मध्ये काही दूर ठेवले जात असेल, तर ती केवळ तारीख.

पण मराठी माणसाला हे इतके परके का वाटावे? ज्यांनी संस्कृत शिकले आहे त्यांना एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार कसे निघतात, हे माहीत आहे. तेथे अर्थ फिरविणारा उपसर्ग धातूच्या आधी येतो, इंग्रजीत तो मागून येतो, एवढाच फरक. आणि संस्कृतपर्यंत तरी कशाला जायचे? आपले साधे ‘मागे’ घ्या. अर्ज मागे घेतला, मुलगा अभ्यासात मागे पडला, सावकार मागे लागला, दु:ख मागे टाकले, कोणी मागे हटला. या सर्वांत पाठीमागची दिशा आहे आणि नाहीही. परीक्षा ‘पुढे ढकलली’ म्हणताना आपण कोणालाही ढकलीत नाही. हेच तर ‘पुट ऑफ’!

याहूनही सूक्ष्म काम मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. ‘लिहून दिले’ आणि ‘लिहून घेतले’ यांतला भेद निरक्षर ऋणकोलाही अचूक कळत असे, कारण त्या भेदावर त्याची जमीन अवलंबून होती. ‘पाहणे’ निरुपद्रवी आहे. ‘पाहून घेईन’ ही धमकी आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून आजतागायत आपले व्याकरणकार अशा संयुक्त क्रियापदांचा खल करीत आले आहेत. पुढच्या लहानशा शब्दाने मोठ्या शब्दाचा अर्थ फिरतो, हे जाणण्याची शक्ती आपल्या भाषेने आपल्याला जन्मत:च दिलेली आहे. शाळेतले इंग्रजी तिचा उपयोग करून घेत नाही, ही खरी अडचण.

ही अडचण कामगारालाही भोवते. ‘ले-ऑफ’ म्हणजे आपल्या कायद्यात नोकरीवरून काढणे नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमानुसार आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनुसारही, कोळसा, वीज वा कच्चा माल नाही, यंत्र बिघडले, अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही ती ही तात्पुरती अवस्था. कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते आणि ठरलेल्या अटी पूर्ण होत असतील तर मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. अमेरिकी कंपन्यांच्या बातम्यांतून आलेल्या ‘ले-ऑफ’चा अर्थ मात्र सरळ घरी बसविणे असा होतो. पुण्याच्या संगणक कंपनीतला मुलगा आणि सोलापूरच्या कारखान्यातला त्याचा काका एकच शब्द उच्चारतात. एकाचे नाव पटावर आहे, दुसऱ्याचे गेले. आपल्याला नेमके काय झाले आहे हे ज्याला कळत नाही, तो भरपाई तरी कशाच्या आधारे मागणार?

मराठीत आणतानाही अव्ययाकडे दुर्लक्ष झाले, तर काय होते याचे उदाहरण ‘टाळेबंदी’ हे आहे. कामगार चळवळीत हा शब्द ‘लॉकआउट’साठी रूढ होता : मालक दाराला टाळे ठोकतो आणि कामगार बाहेर राहतो. २०२० साली ‘लॉकडाउन’साठीही वृत्तपत्रांनी तोच शब्द वापरला, पण येथे तर माणसे आत राहिली. त्या वर्षी संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरपुरात आल्या आणि १ जुलैची आषाढी एकादशी वारकऱ्यांच्या गर्दीवाचून पार पडली. पुढे कोणी या काळाचा इतिहास मराठीतून वाचील, तेव्हा कोण आत होते आणि कोण बाहेर, हे त्याला संदर्भावरूनच ठरवावे लागेल.

याचा अर्थ विलायती इंग्रजीच प्रमाण मानावे असा नाही. कचेरीत फाइल साहेबांपुढे ‘पुट अप’ होते. इंग्लंडात पाहुण्याची सोय ‘पुट अप’ होते. आपला विद्यार्थी महाविद्यालयातून ‘पास आउट’ होतो; तेथे ‘पास आउट’ होणारा बेशुद्ध पडतो. हे आपले रूढ प्रयोग आहेत आणि आपल्या व्यवहारात त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही. प्रश्न शुद्धाशुद्धतेचा नाही. जेथे शब्दामागे पैसा, नोकरी किंवा हक्क आहे, तेथे अर्थ नेमका कळला पाहिजे, एवढाच आग्रह आहे.

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तरीही शब्दार्थांच्या यादीत ‘गिव्ह म्हणजे देणे’ एवढे लिहून मुले पुढे जातात, आणि ‘गिव्ह इन’, ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह अवे’ परीक्षेपुरते पाठ होतात. त्याऐवजी शिक्षकाने फळ्यावर आधी ‘मागे’ची पाच वाक्ये लिहावीत, ‘लिहून देणे’ आणि ‘लिहून घेणे’ यांतला फरक मुलांकडून काढून घ्यावा आणि मग इंग्रजीकडे वळावे. मुलांना नवे काही शिकवायचे नसून, त्यांना येत असलेलेच दाखवून द्यायचे आहे. यासाठी अनुदान लागत नाही.

दुसरी जबाबदारी बँकांची व शासनाची. ‘निर्लेखन’ हा शब्द अचूक असला तरी कर्जदाराशी तो काही बोलत नाही. याउलट आपल्याच समाजाने शब्दांची पारख केल्याचे उदाहरणही समोर आहे. ‘माफी’ गुन्हेगाराला असते, शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, म्हणून ‘कर्जमुक्ती’ म्हणा, असा आग्रह शरद जोशी व शेतकरी संघटना यांनी धरला. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाख रुपयांपर्यंतच्या थकीत पीककर्जासाठी योजना जाहीर केली, तिच्या नावात ‘कर्जमुक्ती’ हाच शब्द आहे. मग ‘राइट ऑफ’साठीही मराठीत एक पूर्ण वाक्य छापायला काय हरकत आहे? ‘हे कर्ज ताळेबंदातून वगळले आहे, वसुली चालू राहील’ : एवढेच. ते वाक्य वाचणारा माणूस पुढच्या वेळी माफीबद्दल विचारणार नाही. वसुलीचे काय झाले, असे विचारील. आणि त्या प्रश्नाला उत्तर देणे अधिक कठीण आहे.