गोडी जिभेची, पारख नाकाची

फाल्गुन-चैत्रात भंडारा जिल्ह्यातील रानांत मोह गळू लागतो. साकोली, तुमसर, लाखांदूरकडच्या अंगणांत फुले वाळत पडतात. ती उत्तम की हिणकस, हे घरातील वडीलधारी माणसे चव घेऊन सांगतात. वय झालेल्या जिभेवर हा निवाडा सोपवावा काय? अवश्य सोपवावा, मात्र तिच्या सोबतीला नाक असावे.

अतिशय गोड ते उत्तम, हा समज प्रथम दूर करावा. जर्मनीतील वाइनचेच पाहा. तेथील 1971 च्या कायद्यापासून वरच्या प्रतीच्या वाइनच्या पायऱ्या ठरतात त्या द्राक्षरसातील मूळ साखरेवरून. ‘स्पेटलेसे’, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन, गोड असते तशीच अगोडही असते. बाटलीवरची पायरी साखरेचे माप सांगते; आवड ज्याची त्यानेच ठरवायची.

ज्याला आपण चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचा असतो. वयोमानाने जिभेपेक्षा घ्राणशक्ती अधिक मंदावते. कोरडे तोंड, टाळू झाकणारी कवळी आणि काही औषधेही रुची बिघडवतात. म्हणून “चहा अगोड लागतो” ही आजींची तक्रार हट्ट समजून सोडू नये आणि साखरही वाढवू नये. चव अचानक बदलल्यास डॉक्टरांना सांगावे.

पारख करताना चूळ भरावी आणि दोन नमुने शेजारी ठेवावेत. फूल आधी हुंगावे. आंबूस वास आला तर ते नीट वाळलेले नाही. बुरशी दिसली तर चाखूच नये, टाकून द्यावे. मग एकच फूल सावकाश चावावे आणि श्वास नाकावाटे सोडावा, म्हणजे सुगंध उमगतो. दाताखाली कचकच लागली, तर वेचताना माती आली असे समजावे.

जिभेला मर्यादाही आहेत. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असू शकते. रानातली गोडी म्हणून मधुमेह तिला सूट देत नाही. मोहाचा लाडू रोजच्या आहारात हिशेबानेच बसवावा. फुलांपासून गाळलेली दारू, किंवा कोणतीही वाइन, इन्सुलिन घेणाऱ्याची रक्तशर्करा धोकादायक रीतीने उतरवू शकते. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर ती जीवावर बेतते. बेकायदा दारूत मिथेनॉल मिसळलेले असल्यास ते चवीवरून मुळीच ओळखता येत नाही. तेथे कितीही अनुभवी जीभ असो, तिच्यावर विसंबणे म्हणजे दृष्टी आणि प्राण पणाला लावणे.

तेव्हा घरातील वृद्धांना चाखू द्या, त्यांचे मत विचारा आणि ते माना. आवडीचा निर्णय त्यांच्या जिभेने करावा. किती खावे, हे मात्र त्यांच्या प्रकृतीला विचारून ठरवावे.